कुकी म्यूलर : ‘स्फूर्तिदेवता’ हा शब्द आता पुरे

#धागा

१/
एक छायाचित्र समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. शवपेटीत विसावलेली चाळिशीची एक स्त्री. न्यूयॉर्क, नोव्हेंबर १९८९. छायाचित्रकार नॅन गोल्डिन. खाली बहुधा अशा अर्थाची ओळ असते : ‘कल्ट चित्रपटांची नायिका, भूमिगत न्यूयॉर्कची स्फूर्तिदेवता.’ या ओळीतील पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि दुसरा अन्यायकारक. ती स्त्री म्हणजे कुकी म्यूलर. त्या कोणत्याही चित्रपटाच्या नायिका नव्हत्या आणि कोणाच्या स्फूर्तिदेवताही नव्हत्या. त्या लेखिका होत्या. आजचा धागा एवढे एकच विधान सिद्ध करण्यासाठी.

२/
प्रारंभी भाषेची एक गोष्ट. या विषयावरील मराठी मजकूर चाळून पाहावा. दिग्दर्शक तेथे ‘वॉटर्स’ असतात, आदरार्थी बहुवचनात : ते म्हणाले, त्यांनी चित्रित केले. अभिनेत्री मात्र ‘कुकी’ असते, एकेरीत : ती नाचली, ती हसली, ती गेली. एकाला आडनाव, दुसरीला लाडके नाव. व्याकरणाच्या एवढ्याशा फटीतून सगळा इतिहास आत शिरतो. या धाग्यात त्यांचा उल्लेख म्यूलर असाच होईल. वाचताना खटकले, तर ते खटकणे कोठून येते याचा विचार वाचकांनीच करावा.

३/
आधी पडद्यावरची कारकीर्द, निखळ तपशिलाने. डोरोथी कॅरन म्यूलर यांचा जन्म २ मार्च १९४९ रोजी बाल्टिमोर येथे झाला. जॉन वॉटर्स यांच्या पाच चित्रपटांत त्या दिसतात : ‘मल्टिपल मॅनिअ‍ॅक्स’ (१९७०), ‘पिंक फ्लमिंगोज’ (१९७२), ‘फीमेल ट्रबल’ (१९७४), ‘डेस्परेट लिव्हिंग’ (१९७७) आणि ‘पॉलिएस्टर’ (१९८१). बारा वर्षे, पाच चित्रपट. पुढे न्यूयॉर्कच्या स्वतंत्र चित्रपटांतही त्यांनी कामे केली. अमोस पो यांचा ‘सबवे रायडर्स’, सुझन सायडलमन यांचा ‘स्मिदरीन्स’ (१९८२) आणि बेट गॉर्डन यांचा ‘व्हरायटी’ (१९८३) ही त्यांतील ठळक नावे.

४/
यांपैकी एकाही चित्रपटाचा भार म्यूलर यांच्या खांद्यावर नव्हता. वॉटर्स यांच्या त्या पर्वातील पडदा व्यापून टाकणारी आकृती होती डिव्हाइन, म्हणजे हॅरिस ग्लेन मिलस्टेड. त्यांच्यानंतर मिंक स्टोल, डेव्हिड लोकरी, मेरी व्हिव्हियन पिअर्स, ईडिथ मॅसी. म्यूलर यांच्या वाट्याला आलेली कामे छोटी होती आणि चित्रपटागणिक ती आणखी छोटी होत गेली. हे लपवण्याचे कारण नाही. उलट त्यांना ‘नायिका’ म्हणणाऱ्यांनी चित्रपट पाहिलेलेच नाहीत, एवढेच त्यातून दिसते. ज्यांचे कौतुक करायचे त्यांचे काम निदान पाहावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

५/
आता पहिला आरोप पाहू : ‘त्यांनी अभिनय केलाच नाही, त्या पडद्यावर स्वतःच होत्या.’ भूमिगत चित्रपटांतील स्त्रियांविषयी हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते खरे वाटू लागते. पहिल्या दोन चित्रपटांत पात्राचे नाव ‘कुकी’ आहे, एवढाच त्याला आधार. पण ‘मल्टिपल मॅनिअ‍ॅक्स’मध्ये ही कुकी लेडी डिव्हाइनची मुलगी आहे. डिव्हाइन यांचा जन्म १९४५ चा, म्यूलर यांचा १९४९ चा. साडेतीन वर्षांनी मोठ्या असलेल्या मित्राची तरुण लेक म्हणून उभे राहणे याला अभिनय म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

६/
‘पिंक फ्लमिंगोज’मधील कुकी तर हेर आहे. मार्बल दांपत्य तिला पैसे देऊन नेमते. ती डिव्हाइनच्या मुलाशी सलगी करते आणि घरातील बातमी बाहेर पुरवते. म्हणजे हे पात्रच मुळी सोंग घेऊन वावरते. सोंगातले सोंग वठवणाऱ्या स्त्रीविषयी ‘ती स्वतःच होती’ असे लिहिणे हा आळस आहे. पुढच्या तीन चित्रपटांत तर नावाचाही आधार उरत नाही : ‘फीमेल ट्रबल’मध्ये त्या कॉन्चेटा आहेत, ‘डेस्परेट लिव्हिंग’मध्ये फ्लिपर, ‘पॉलिएस्टर’मध्ये बेटी लालिन्स्की.

७/
तंत्राचा पुरावाही याच बाजूचा आहे. ‘मल्टिपल मॅनिअ‍ॅक्स’ ज्या १६ मिमी कॅमेऱ्यावर चित्रित झाला, तो बातमीपटांसाठी वापरला जाई आणि ध्वनी थेट चित्रफितीवरच उमटवत असे. अशा फितीत तुकडे जोडणे कठीण असते. त्यामुळे दृश्ये लांबच लांब, संवाद पानेच्या पाने, आणि एखाद्याची जीभ अडखळली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. फीत महाग, खिसा रिकामा. वॉटर्स यांनी अनेकदा सांगितले आहे की त्यांच्या चित्रपटांत आयत्या वेळी सुचलेले जवळजवळ काहीच नसे. संहिता लिहिलेली असे आणि तालमी कसून होत. पडद्यावर जे बेफाम दिसते ते पाठ केलेले होते.

८/
‘स्वतःच होत्या’ हा शेरा वरवर पाहता स्तुतीसारखा दिसतो. पण त्याचा व्यवहारातील अर्थ असा की त्या स्त्रीने श्रम केले नाहीत. ती केवळ उपस्थित होती आणि कोणा जाणकाराने तिच्यातले तेज हेरले. श्रम दिग्दर्शकाचे, तेज निसर्गाचे, तिच्या नावावर शून्य. गायकाला कोणी ‘तो फक्त तोंड उघडतो’ असे म्हणत नाही. हा हिशेब ज्यांच्याबाबत केला जातो, त्यांत स्त्रिया, गरीब आणि समलैंगिक माणसे वारंवार का आढळतात, हा प्रश्न इतिहासकारांनी स्वतःला विचारायला हवा.

९/
पैशाविषयी बोलल्यावाचून ‘कारकीर्द’ हा शब्द वापरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘मल्टिपल मॅनिअ‍ॅक्स’चा खर्च सुमारे ५,००० डॉलर, तोही वॉटर्स यांनी वडिलांकडून उसना घेतलेला. ‘पिंक फ्लमिंगोज’ सुमारे १२,००० डॉलरमध्ये झाला. अशा अंदाजपत्रकात पोट भरेल असे मानधन कोठून येणार? याच सुमारास, सप्टेंबर १९७१ मध्ये, म्यूलर यांना मुलगा झाला. ते तान्हे बाळही ‘पिंक फ्लमिंगोज’च्या पडद्यावर दिसते. आई चित्रणाला, मूल चित्रणात. कलावंतांच्या स्वच्छंद जीवनाची वर्णने करणाऱ्यांनी या ओळीवर क्षणभर थांबावे.

१०/
चित्रपट मात्र गाजला. १९७३ पासून न्यूयॉर्कच्या एल्जिन चित्रपटगृहात ‘पिंक फ्लमिंगोज’चे मध्यरात्रीचे खेळ होऊ लागले. त्याच चित्रपटगृहाने १९७० च्या अखेरीस ‘एल टोपो’ लावून मध्यरात्रीच्या खेळांचा पायंडा पाडला होता. मेरीलंडमध्ये तेव्हा राज्याचे स्वतंत्र सेन्सॉर मंडळ होते. असे मंडळ राखणारे ते अमेरिकेतील शेवटचे राज्य, आणि १९८१ पर्यंत ते टिकले. ज्या चित्रपटाकडे एके काळी सभ्य समाज नाक मुरडत होता, तो २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत दाखल झाला. वितरकाचे भले झाले, दिग्दर्शकाचे नाव झाले. म्यूलर १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या मद्यालयांत मंचावर नाचून घरभाडे भरत होत्या.

११/
हे आपल्याला ठाऊक कसे? कोणी संशोधक शोध घेत तेथे पोहोचला म्हणून नव्हे. म्यूलर यांनी ते स्वतः लिहून ठेवले म्हणून. कोणत्या मद्यालयात काय चाले, मालक कसे वागत, सोबतच्या मुली कोण होत्या, पैसे कसे मिळत, हे सगळे त्यांच्या लेखणीतून आले आहे. आणि येथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. ज्या आयुष्याला आपण ‘दंतकथा’ म्हणतो, त्याचा मुख्य साक्षीपुरावा त्या आयुष्याच्या धनिणीनेच लिहिलेला आहे. आपण पुरावा वापरतो आणि लिहिणारीला छायाचित्रात बसवतो.

१२/
लेखन हे चित्रपटानंतर सुचलेले नव्हते. ते आधीचे होते. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, वयाच्या ११व्या वर्षी पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउनच्या १८८९ च्या महापुरावर त्यांनी तीनशेहून अधिक पानांचे पुस्तक लिहिले, टाचण्या मारून बांधले आणि ग्रंथालयात योग्य त्या फळीवर गुपचूप ठेवून दिले. पोरवयातले हे धाडस हसण्यावारी नेण्यासारखे खचितच नाही. आपले पुस्तक कोठल्या फळीवर शोभेल हे त्या मुलीला कळत होते. आपल्याला अद्याप कळलेले नाही.

१३/
वॉटर्स यांची भेट झाली १९६९ साली, बाल्टिमोरच्या एका चर्चमध्ये, ‘मोंडो ट्रॅशो’च्या पहिल्या खेळाला. दारावर काढलेल्या सोडतीत म्यूलर यांना बक्षीस लागले आणि ओळख झाली. ही गोष्ट नेहमी ‘शोध लागण्याची’ गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण तोवर म्यूलर सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरीत १९६७ चा तो गाजलेला काळ जगून परतल्या होत्या. वॉटर्स यांना कोरी पाटी सापडली नव्हती. भरपूर मजकूर गोळा केलेली एक वीस वर्षांची लेखिका त्यांच्या चित्रपटाला प्रेक्षक म्हणून आली होती.

१४/
१९७६ मध्ये म्यूलर न्यूयॉर्कला आल्या. १९८० च्या दशकात त्यांची दोन सदरे नियमित चालू होती. ‘डीटेल्स’ मासिकात कलासमीक्षा; आणि ‘ईस्ट व्हिलेज आय’ या नियतकालिकात ‘आस्क डॉक्टर म्यूलर’ नावाचे आरोग्यविषयक सल्ल्याचे सदर. वैद्यकीय पदवी अर्थातच नव्हती. सदराचा सगळा खोडकरपणा त्या ‘डॉक्टर’ शब्दात होता. १९८४ मध्ये ‘टॉप स्टोरीज’ मालिकेत त्यांचे ‘हाउ टु गेट रिड ऑफ पिंपल्स’ प्रसिद्ध झाले. दर अंकाची मुदत सांभाळणारी, संपादकाला मजकूर पोहोचवणारी ही स्त्री ‘स्फूर्तिदेवता’ असेल, तर प्रत्येक वर्तमानपत्राच्या कचेरीत देव्हारे बांधावे लागतील.

१५/
भारतीय वाचकांसाठी एक तपशील विशेष. १९८८ मध्ये म्यूलर यांचे ‘फॅन मेल, फ्रँक लेटर्स अँड क्रँक कॉल्स’ हे छोटे पुस्तक ‘हनुमान बुक्स’ने काढले. रेमंड फॉय आणि चित्रकार फ्रान्चेस्को क्लेमेंते यांचे हे प्रकाशन न्यूयॉर्कचे; पण त्याची पुस्तके छापली जात मद्रासला, सी. टी. नाचिअप्पन यांच्या मुद्रणालयात. आकार तळहाताएवढा, आपल्याकडे देवळाबाहेर मिळणाऱ्या स्तोत्रांच्या पुस्तिकांवरून घेतलेला. न्यूयॉर्कच्या रात्रींचे हे गद्य मद्रासमध्ये खिळे जुळवून, शिवून, बांधून समुद्रापार गेले. त्यांचे ‘गार्डन ऑफ अ‍ॅशेस’ही याच मालिकेतले.

१६/
त्यांचे मुख्य पुस्तक ‘वॉकिंग थ्रू क्लिअर वॉटर इन अ पूल पेंटेड ब्लॅक’. ते १९९० मध्ये, मृत्यूनंतर, सेमिओटेक्स्ट या प्रकाशनाने काढले. ख्रिस क्राउस यांनी संपादित केलेल्या नव्या मालिकेतील आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यातील अनेक लेखांच्या शीर्षकांत गावाचे नाव आणि वर्ष असते : हेट-अ‍ॅशबरी, १९६७, ब्रिटिश कोलंबिया, १९७२, बर्लिन चित्रपट महोत्सव, १९८१. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून अधिक काय हवे? स्थळ, काळ, साक्षीदार. आणि साक्षीदार असा की जो स्वतःच्या फजितीवर पांघरूण घालत नाही.

१७/
याच पुस्तकात १९६९ मध्ये मेरीलंडच्या महामार्गावर घडलेल्या अपहरणाचा आणि अत्याचाराचा लेख आहे. मैत्रिणींसह वाटेत गाड्यांना हात करून प्रवास करताना ओढवलेला हा प्रसंग म्यूलर करुणेची याचना न करता, विनोदबुद्धी शाबूत ठेवून सांगतात. आणि म्हणूनच तो वाचणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही. ‘पिंक फ्लमिंगोज’च्या चित्रणावरही त्यांचा लेख आहे. त्या चित्रपटातील कोंबड्यांचे दृश्य आजही वादाचे आहे, आणि असावे. कोणी म्हणते म्यूलर बळी होत्या, कोणी म्हणते बंडखोर. दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात. त्या दिवसाविषयी खुद्द म्यूलर काय लिहून गेल्या, हे पाहण्याची तसदी दोन्ही पक्ष घेत नाहीत.

१८/
आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. ‘वॉटर्स यांचे चित्रपट आणि गोल्डिन यांची छायाचित्रे नसती, तर म्यूलर यांचे पुस्तक आज कोणी उघडले असते का?’ उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर : कदाचित फार थोड्यांनी. पण हा मुद्दा त्यांच्या गद्याविषयी काहीच सांगत नाही. तो आपल्या वाचनाच्या सवयीविषयी सांगतो. दार कोणते होते यावरून घरात कोण राहते हे ठरत नाही. आणि हेही नोंदवले पाहिजे की दोष वॉटर्स यांचा नाही. म्यूलर यांच्यातील लेखिकेचा उल्लेख त्यांनी वारंवार आणि मानाने केला आहे. दिग्दर्शकाने दिलेला मान त्याच्या भक्तांना देववत नाही.

१९/
गोल्डिन यांच्याबाबतही तेच. त्यांनी परकी म्हणून चोरून छायाचित्रे काढली नाहीत. त्या मैत्रीण होत्या. १९७६ पासूनची पंधरा छायाचित्रे त्यांनी म्यूलर यांच्या स्मरणार्थ एकत्र केली. पुरेशी छायाचित्रे काढली तर माणूस हातचे जाणार नाही असे आपल्याला वाटत असे, पण किती गमावले एवढेच ती दाखवतात, अशी कबुली गोल्डिन यांनीच पुढे दिली आहे. छायाचित्राची मर्यादा छायाचित्रकाराला समजली. ते पुढे पाठवणाऱ्यांना ती समजलेली नाही, कारण मृत चेहरा पुढे पाठवायला दोन सेकंद लागतात आणि पुस्तक वाचायला दोन रात्री.

२०/
त्या मृत्यूविषयी. १९८६ मध्ये म्यूलर यांनी इटालियन चित्रकार व्हित्तोरिओ स्कार्पाती यांच्याशी विवाह केला. दोघांनाही एड्स झाला. फुप्फुसे निकामी होत असताना स्कार्पाती रुग्णालयातील खाटेवर रेखाटने करत राहिले. त्या रेखाटनांचे आणि म्यूलर यांच्या शब्दांचे मिळून ‘पुत्तीज पुडिंग’ हे पुस्तक १९८९ मध्ये झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्कार्पाती गेले. १० नोव्हेंबर १९८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये म्यूलर गेल्या. वय ४०. ही प्रेमकथा म्हणून सांगितली जाते, ती आहेही. पण ती दोन कलावंतांनी मरणाच्या छायेत पूर्ण केलेल्या एका कामाचीही कथा आहे.

२१/
त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कच्या ‘आर्टिस्ट्स स्पेस’मध्ये गोल्डिन यांनी मांडलेले एड्सविषयक प्रदर्शन ‘विटनेसेस : अगेन्स्ट अवर व्हॅनिशिंग’ खुले झाले. अमेरिकी शासनाच्या कलानिधीचे प्रमुख जॉन फ्रॉनमायर यांनी त्याचे १०,००० डॉलरचे अनुदान काढून घेतले होते. डेव्हिड वॉयनारोविच यांचा सूचीपुस्तकातील लेख हे वादाचे मूळ. निषेध म्हणून संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी राष्ट्रीय कलापदक नाकारले. अखेर अनुदान परत मिळाले, पण सूचीपुस्तकासाठी एक पैही वापरायची नाही या अटीवर.

२२/
ही अट नीट वाचा. भिंतीवरची चित्रे चालतील. लिहिलेले शब्द चालणार नाहीत. मरणाऱ्यांचे चेहरे पाहायला शासनाची हरकत नव्हती. मरणाऱ्यांनी कोणाची नावे घेऊन काय म्हटले, याची होती. आज म्यूलर यांचे शवपेटीतले छायाचित्र पसरवताना आणि त्यांची पुस्तके बंद ठेवताना, आपण नकळत तीच अट पाळत आहोत. १९८९ च्या अधिकाऱ्याला निदान राजकीय दडपण तरी होते. आपल्यावर कोणाचे दडपण आहे?

२३/
एक अवघड गोष्ट उरली आहे, आणि ती टाळली तर हा धागाही आरतीच ठरेल. ‘डॉक्टर म्यूलर’ यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्या सदरात एड्सविषयी वाचकांना धीर दिला होता : घाबरू नका, आतापर्यंत झाला नसेल तर आता होणार नाही, अशा आशयाचा. तो सल्ला चुकीचा होता. तेव्हा तपासणी उपलब्ध नव्हती. ती १९८५ मध्ये आली, आणि पहिले औषध १९८७ मध्ये. भीतीने आणि द्वेषाने ग्रासलेल्या शहरात आपल्या माणसांना सावरण्याची ती धडपड होती. तरीही सल्ला चुकीचाच. तो वाचून कोणी निर्धास्त झाले असेल, ही शक्यता झटकून टाकता येत नाही.

२४/
मग हे कशासाठी सांगायचे? कारण फरक नेमका येथेच आहे. स्फूर्तिदेवता कधी चुकत नाही. तिला मत नसते, म्हणून तिचे मत खोटेही ठरत नाही. तिच्यावर टीका होत नाही, केवळ फुले वाहिली जातात. लेखिका चुकू शकते. तिने छापलेल्या ओळीची जबाबदारी तिची असते, आणि चाळीस वर्षांनीही कोणी तिला जाब विचारू शकते. जाब विचारणे हा वाचकाने लेखकाला दिलेला मान आहे. म्यूलर यांना आपण तो दिला नाही. आपण त्यांना क्षमा केली, कारण आपण त्यांना वाचलेच नाही.

२५/
वारे थोडे बदलले आहे. २०१४ मध्ये क्लोई ग्रिफिन यांनी परिचितांच्या मुलाखतींतून म्यूलर यांचे मौखिक चरित्र ‘एजवाइज’ सिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांच्या मुख्य पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती निघाली. विखुरलेल्या कथा, सदरे, टिपणे एकत्र आली. म्हणजे ‘त्यांचे लेखन मिळतच नाही’ ही सबबही आता चालणार नाही. ज्यांना ‘पिंक फ्लमिंगोज’ पाहवणार नाही, आणि तो प्रत्येकाने पाहावा असा आग्रह अजिबात नाही, त्यांनाही हे पुस्तक वाचता येईल. त्यासाठी कल्ट चित्रपटांची दीक्षा घ्यावी लागत नाही.

२६/
शेवटी एक साधी विनंती. ते छायाचित्र पुन्हा समोर येईल, येणारच आहे. ते पुढे पाठवू नका, असे म्हणणे नाही. फक्त खालची ओळ बदला. ‘कल्ट चित्रपटांची नायिका’ खोडा, ‘स्फूर्तिदेवता’ खोडा, आणि लिहा :

कुकी म्यूलर (१९४९–१९८९), लेखिका. काही चित्रपटांत अभिनयही केला.

क्रम एवढाच बदलायचा आहे. धागा समाप्त.